कैची बंद झाली त्या हंगामात

दिनांक २२ नोव्हेंबर १९५३, रविवार. जागा होळी गावच्या शाळेची पडवी. आमच्या हुतूतू मंडळाची शिल्लक एकशे सदतीस रुपये चार आणे. हजर सभासद नऊ. याखेरीज पायरीवर एक जण बसला होता, पण तो सभासद नसल्यामुळे त्याची नोंद मी इतिवृत्तात केली नाही. ही चूक पहिली. दुसरी चूक मी त्यानंतर दीड तासाने केली आणि हा लेख तिच्याविषयी आहे.

मी वसईच्या बागायतदारांच्या सोसायटीत कारकून आहे. केळीच्या करंड्या मोजणे आणि वॅगनींच्या पावत्या फाडणे हे माझे पोटाचे काम. पण या भागात मला ओळखतात ते हुतूतूचा पंच म्हणून. सोळा हंगाम मी शिटी वाजवली आहे. संपादकांनी पंचगिरीचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा घरच्यांनी सुचवले की गमतीजमती लिहा, लोकांना त्या आवडतात. गमती पुष्कळ आहेत, एकदोन सांगतोही. पण सोळा वर्षांतून एकच हंगाम निवडायचा झाला तर मी हा निवडीन.

ज्यांनी फक्त दोरीबाहेरून खेळ पाहिला त्यांना पंचाचे काम सोपे वाटते. चढाई करणारा एकटा गडी ‘हुतूतू’ म्हणत, एकाच श्वासात, समोरच्यांच्या हद्दीत जातो. कुणाला शिवून परत रेषेपर्यंत आला तर शिवलेला बाद. त्याला धरून ठेवले आणि दम तुटला तर तो बाद. एवढाच खेळ. पण हा दम तुटला की नाही ते ठरवणारा मी. त्यासाठी डोळे गड्याच्या पायांवर आणि कान त्याच्या तोंडाशी ठेवून त्याच्याबरोबर पळावे लागते. काही गडी नुसते ओठ हलवतात. उमेळ्याचा एक चढाईवाला इतका सफाईने ओठ हलवी की मी दोन वर्षे फसलो. तिसऱ्या वर्षी त्याला सर्दी झाली आणि नाकातून श्वास घेताना शिटीसारखा आवाज आला, तेव्हा कळले.

सामन्यापूर्वी नखे तपासायची, अंगाला तेल लावले आहे का ते तळहात फिरवून पाहायचे, अंगठ्या, ताईत, गळ्यातले क्रूस उतरवून घ्यायचे. हे सगळे मी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवतो, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधून. सोळा वर्षांत एकही वस्तू हरवली नाही. समुद्राकडून वारा सुटला की फक्कीच्या रेषा उडून जातात आणि मग गडी रेषेच्या आत होता की बाहेर यावर दोन गावे भांडतात. म्हणून मी रेषा ओलसर मातीवर मारायला सांगतो. लोक मला किचकट म्हणतात. किचकट माणसाशिवाय खेळ चालत नाही असे माझे मत आहे.

आता सभेकडे येतो. मुंबईहून खेळाच्या मध्यवर्ती मंडळाचे पत्र आले होते. सगळीकडे खेळ एकसारखा व्हावा म्हणून काही नियम बदलायचे घाटत होते आणि गावोगावच्या मंडळांची मते मागवली होती. नऊऐवजी सात गडी ठेवावेत का, दम म्हणताना सगळ्यांनी एकच शब्द म्हणावा का, आणि कैची बंद करावी का.

सात गड्यांना कुणाचा विरोध नव्हता; पाहुण्या संघाला जेवू घालणाऱ्यांच्या घरी जेवणारे तेवढेच कमी. शब्दावर मात्र तासभर गेला. ‘कबड्डी’ म्हणा असा मुंबईचा आग्रह होता. आमचे अध्यक्ष डॉक्टर म्हणाले, काय फरक पडतो. त्यावर एक म्हातारे सभासद म्हणाले की ‘हुतूतू’ म्हणताना ओठ पुढे राहतात आणि वारा जपून बाहेर जातो. ‘कबड्डी’ म्हणताना ओठ आपटतात आणि दर आपटीला थोडा दम सांडतो. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मी आदल्या रविवारी माझ्या अंगणात पाच गड्यांना उभे करून घड्याळ लावले होते. ‘हुतूतू’ने सरासरी एकतीस सेकंद, ‘कबड्डी’ने सत्तावीस. आकडे वाचून दाखवले तेव्हा म्हाताऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांना जमीन परत मिळवून दिली.

त्या नजरेने मला जरा चढले असावे. कारण पुढचा विषय कैचीचा होता, आणि त्याचेही आकडे माझ्याकडे होते.

कैची म्हणजे काय ते सांगतो. चढाईवाला जवळ आला की धरणारा स्वतःला जमिनीवर झोकून देतो आणि पडता पडता त्याचा पाय आपल्या दोन पायांत अडकवतो, एक पाय नडगीच्या पुढून, एक गुडघ्याच्या मागून. मग कूस बदलतो. चढाईवाला आडवा होतो. त्याचा पाय शरीराबरोबर वळला तर तो उठून उभा राहतो. पाय जमिनीत रुतलेला राहिला आणि शरीर वळले, तर गुडघा जातो. दिसायला याच्यासारखी देखणी पकड नाही. माणसे फक्त ती पाहायला येत.

वसई शहराच्या संघाचे कर्तेधर्ते वामनराव बंदीच्या विरुद्ध होते. ते म्हणाले, “कैची नको, गळपट्टी नको, कंबर जपून धरा. मग चढाईवाला आला की करायचं काय? पाट मांडून ओवाळायचं?” डॉक्टर म्हणाले की गुडघे शेवटी माझ्याकडे येतात, वामनराव, तुमच्याकडे नाही. जोसेफमास्तर म्हणून शाळेतले शिक्षक होते, त्यांनी आंतोनचे नाव काढले.

आंतोन होळीचाच. केळी आणि पानवेलीची वाडी त्याची. आमच्या भागातला सगळ्यांत चपळ चढाईवाला, आणि दोन हंगामांपूर्वी कैचीत त्याचा उजवा गुडघा गेला होता. त्याला आता उकिडवे बसता येत नव्हते. ज्याला केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याचे कोंब, लावायचे असतात त्याला उकिडवे बसता आले नाही तर काय होते, हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होते.

तेव्हा मी वही उघडली. माझ्याजवळ अकरा हंगामांची नोंद होती. सामने दोनशे आठ. खेळता खेळता जखमी होऊन मैदानाबाहेर न्यावे लागलेले गडी चौतीस. त्यांतले एकोणीस कैचीने. इथे थांबायला हवे होते. पण वहीत पुढची ओळ होती, आणि वहीत आहे ते वाचायचे अशी माझी सवय. मी वाचले, “एकोणिसांपैकी सात एकाच खेळाडूच्या कैचीने.”

नाव मी घेतले नाही. घ्यायची गरजही नव्हती. नऊच्या नऊ माना पायरीकडे वळल्या.

पायरीवर बसला होता तो लक्ष्मण धर्मा, सगळे त्याला लखू म्हणत. खाडीकडच्या मिठागरावर कामाला, वय सव्वीस. त्याच्या गावच्या संघात तो डाव्या कोपऱ्यावर उभा राही आणि त्याच्यासारखी कैची त्या वेळी उत्तर कोकणात कुणाची नव्हती. आंतोनचा गुडघाही त्याच्याच कैचीत गेला होता. तो सभेला आला होता कारण मुंबईच्या एका मिलचा खेळविभाग सांभाळणारे दळवीसाहेब जानेवारीत आमच्या स्पर्धेला येणार होते. मिलच्या संघात एक जागा होती. संघात घेतले म्हणजे खात्यात कायमची नोकरी. लखूला फक्त एवढेच जाणून घ्यायचे होते की जानेवारीत कैची चालणार की नाही.

सहा विरुद्ध तीन मतांनी कैची बंद करावी असे ठरले. शिवाय, मुंबईला मत कळवायचे तर आपण आधी स्वतः तसे खेळून दाखवावे, म्हणून त्याच हंगामापासून आपल्या स्पर्धेत हा नियम लावायचा असेही ठरले. पाय हे पकडीचे हत्यार नाही. दोन्ही पायांत गड्याचा पाय धरला तर चढाईवाला सुखरूप, त्याच्या बाजूला एक गुण, आणि धरणारा बाद. मसुदा मी केला. माझे मतही बंदीच्या बाजूने होते आणि आजही आहे.

सभा संपल्यावर मी घरी निघालो तर लखू माझ्याबरोबर चालू लागला. बावखलाजवळ, म्हणजे आमच्याकडे वाड्यांच्या मधून पावसाचे पाणी साठवणारे तळे असते तिथे, तो थांबला.

“नाना, सात खरे. मी नाय म्हनत नाय. एकेकाचं नाव सांगतो पायजे तर.”

मी म्हटले, मी नाव घेतले नाही.

“ते र्‍हाऊ द्या. मना एवढं सांगा, मी पकडी किती केल्या ते तुमच्या वहीत हाय का?”

मी म्हटले, नाही.

“मोडलेले मोजले तुमी, नाना. उठून गेलेले कोन मोजनार?”

एवढे बोलून तो खाडीच्या वाटेने गेला. रागावलेला वाटला नाही. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

कारकुनाला कुणी चोर म्हटले तर तो भांडतो. बेरीज चुकली म्हटले तर त्याला जेवण जात नाही. मी माळ्यावरची जुनी गुणपत्रकांची बासने खाली काढली. गुणलेखक पकड करणाऱ्याचा क्रमांक लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात रोज सोसायटीतून आल्यावर मी तेवढेच काम केले. लखू आठ हंगाम खेळला होता. त्याच्या नावावर पकडी निघाल्या सहाशे बारा. तो पाय सोडून हाताने क्वचितच धरी हे सगळे जाणतात, तेव्हा जवळजवळ सगळ्या कैचीच्याच. म्हणजे साधारण सत्त्याऐंशी पकडींत एक जण मोडला. बाकीच्या खेळाडूंच्या बारा जखमा किती कैचींतून झाल्या? ते कुठेच नव्हते, कारण त्यांनी हाताने धरले की पायाने याची नोंद कुणी ठेवली नव्हती. त्यांनी तीनशे कैच्या घातल्या असतील तर लखू त्यांच्यापेक्षा कितीतरी जपून खेळणारा होता. दोन हजार घातल्या असतील तर नव्हता. तुलना करताच येत नव्हती, आणि मी ती भर सभेत केली होती.

तोपर्यंत दोन गोष्टी होऊन गेल्या होत्या. एक म्हणजे सभेतली गोष्ट बाजारात गेली आणि लखूला नाव पडले, सातमोड्या. मिठाच्या गोणी उतरवायला तो वसईला आला की हमालही म्हणत, सातमोड्या आला, पाय आवरा. दुसरी गोष्ट माझ्या हाताने झाली. मंडळाची मते मुंबईला कळवणारे पत्र मी सभेच्या दुसऱ्याच दिवशी टपालात टाकले होते, आकड्यांसकट, सुवाच्य अक्षरांत. मध्यवर्ती मंडळाच्या समितीवर दळवीसाहेब होते. तो एकच खेळाडू कोण, हे त्यांना कुणीही सांगू शकत होते.

मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. उत्तर आले नाही.

त्या डिसेंबरात एके दिवशी सोसायटीच्या कामासाठी आंतोनच्या वाडीवर गेलो होतो. केळीच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या पट्टीत लखू आणि आंतोन होते. आंतोन डाव्या पायावर भार देऊन उभा आणि लखू चवड्यांवर वाकून त्याचा घोटा हाताने धरायचा प्रयत्न करत होता. दर वेळी लखूचे पाय आपोआप उचलले जात आणि आंतोन शिव्या देत होता, हसत हसत. मी आलेला पाहून दोघे थांबले.

मी आंतोनला विचारले, हे कधीपासून. तेव्हा आंतोनच्या बायकोने चहा देता देता जे सांगितले ते मला माहीत नव्हते. पावसाळ्यात मिठागरे बंद असतात. गुडघा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात लखू जूनमध्ये एके सकाळी वाडीवर येऊन उभा राहिला, कुणाशी न बोलता कुदळ घेतली आणि आंतोनचे चारशे मुनवे लावून दिले. मजुरी देऊ केली तर जेवला तेवढा. दुसऱ्या पावसाळ्यातही आला. आता कैची बंद झाल्याचे कळल्यावर आंतोनने त्याला निरोप धाडला होता की मिठागरावरून सुटलास की ये, तुला हाताने धरायला शिकवतो.

“चढाईवाल्याला कशाची भीती वाटते ते चढाईवाल्यालाच ठाऊक,” आंतोन म्हणाला. “घोट्याला बोटं लागली ना, नाना, की अर्धा दम तिथंच जातो. ह्याला कधी गरजच पडली नव्हती. देवानं पाय दिले, हात वापरायला कोण सांगतो?”

लखू म्हणाला, “हात मिठाचे झाले नाना, पकडत नाय. घोटा सुटतो.” त्याने तळवे दाखवले. मिठागरावर काम करणाऱ्याच्या तळहाताची कातडी गुळगुळीत आणि भेगाळ अशी दोन्ही असते. आंतोन त्याला धरायच्या आधी हात मातीत घासायला लावी.

स्पर्धा जानेवारीत वसईला झाली. उपांत्य सामना लखूच्या गावचा संघ विरुद्ध वामनरावांचा वसईचा संघ, आणि एका बाजूला पंच मी. सामन्यापूर्वी मी दळवीसाहेबांकडे गेलो. मंडपात खुर्चीवर बसले होते, सभ्य, थकलेला माणूस. मी त्यांना माझी चूक सांगितली, सहाशे बाराचा आकडा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“आकडा तुमचा, दुरुस्तीही तुमचीच,” ते म्हणाले. “मी दोन्ही बाजूला ठेवतो. खेळ पाहतो.”

याहून अधिक मागायचा मला हक्क नव्हता.

लखू त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. पहिल्या डावात तीन पकडी, तिन्ही हाताने, तिन्ही घोट्याला. दुसऱ्या डावात आणखी दोन. दोरीबाहेर आंतोन काठीवर रेलून उभा होता आणि प्रत्येक पकडीला काठी जमिनीवर आपटत होता. पोरे सातमोड्या ओरडत होती, ती हळूहळू गप्प झाली. दळवीसाहेब खुर्ची पुढे ओढून बसले.

शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा चोवीस-चोवीस अशी बरोबरी होती. वसईचा उंच चढाईवाला आला. त्याने उजवीकडे हूल दिली आणि डाव्या कोपऱ्यावर वळला. लखू वाकला, बोटे घोट्याला लागली आणि सटकली. आणि त्याचे पाय गेले. आठ वर्षांची सवय दीड महिन्यात जात नाही. एक पाय पुढून, एक मागून. पण त्याने कूस बदलली नाही. तेवढ्यात बाकीचे चौघे वर पडले, ढीग झाला, दम तुटला. लोक उठून उभे राहिले. त्यांच्या लेखी पकड झाली होती आणि सामना लखूच्या संघाने जिंकला होता.

पलीकडच्या पंचाला ढिगामुळे काही दिसले नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. पाय पाहिले होते ते मी एकट्याने. चढाईवाल्याला इजा झाली नव्हती, होणारही नव्हती, कारण कूस बदललीच नव्हती. मी गप्प राहिलो असतो तर एका माणसाला आयुष्यभराची नोकरी लागली असती, आणि त्या माणसाचे माझ्यावर देणे होते. हे सगळे त्या क्षणी माझ्या मनात आले असे म्हणणे खोटे ठरेल. मनात काहीच आले नाही. शिटी तोंडात होती, ती वाजली. मनात यायचे ते नंतर आले, आणि अजून येते.

चढाईवाला सुखरूप. वसईला एक गुण. लखू बाद. पंचवीस-चोवीस, आणि तसाच सामना संपला.

लोकांनी मला काय काय म्हटले ते लिहीत नाही. लखू डब्यातला आपला ताईत घ्यायला आला. मी चिठ्ठी सोडून तो त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, “बरोबर दिलं नाना. पाय गेले माझे.”

तो ताईत बांधता बांधता पुढे म्हणाला, “पन पहिल्या डावात त्यांच्या डाव्या कोपऱ्यावाल्यानं दोन कैच्या घातल्या. त्या तुमी दिल्या नाय.”

मी म्हटले, शक्य नाही, मी पायांवरच डोळे ठेवून होतो.

“म्हनूनच नाय दिसल्या. वरून हात लावतो तो, खालून पाय. तुमी पाय बघाल तवर झाकलेले असतात. पाय बघू नका. खांदा बघा. कैची घालनारा आधी खांदा टाकतो, त्याबिगर कंबर फिरत नाय.”

मला पटले नाही असे माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. त्याने आजूबाजूला पाहिले. आंतोन जवळच होता. लखू म्हणाला, “आंतोन, पाय दे.”

आंतोनने काठी माझ्या हातात दिली, चार पावले मागे गेला आणि चालत पुढे आला. डावा, धड असलेला पाय त्याने लखूच्या पुढ्यात टाकला. थांबला नाही, बघितलेही नाही. लखूने खांदा टाकला, हात वर नेला आणि त्या हाताच्या आड दोन्ही पाय आंतोनच्या पायाभोवती अलगद मिटले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि खांदा पाहिला नसता तर मला फक्त हात दिसला असता. मग पाय उघडले आणि आंतोन उभाच होता.

पहिल्या डावातल्या त्या दोन पकडी मला आठवल्या. दोन्ही वेळा कोपऱ्यावाल्याचा खांदा आधी गेला होता. ते मी पाहिले होते, पण ते काय आहे हे मला कळले नव्हते. दोन पकडी म्हणजे वसईचे दोन गुण कमी आणि समोरच्यांचे दोन जास्त. बेरीज वाचकांनी करावी. मी त्या दिवशी मैदानावरच केली होती.

पंचाचा निकाल बदलत नाही. तोही नियम आहे आणि तो असायला हवा. वसईचा संघ अंतिम सामना खेळला. दळवीसाहेबांनी वसईच्या उंच चढाईवाल्याला मिलमध्ये घेतले. लखूबद्दल मी विचारले तेव्हा ते म्हणाले, हाताचा खेळ चांगला आहे त्याचा, पण सव्विसाव्या वर्षी शिकतो आहे. आम्हाला शिकलेला हवा. यात अन्याय कुठे होता ते मला दाखवता येत नाही. मी पुष्कळ शोधला आहे.

मार्चच्या सभेत मी तीन गोष्टी इतिवृत्तात घेतल्या. नोव्हेंबरच्या आकड्यांची दुरुस्ती. उपांत्य सामन्यात मी दोन कैच्या ओळखल्या नाहीत ही माझी लेखी कबुली. आणि एक सूचना, की लक्ष्मण धर्मा यांना मंडळाचे पंच म्हणून घ्यावे.

वामनराव म्हणाले, “कारकून, उन्हात फार उभे राहिलात. सात गुडघे मोडलेला माणूस आता गुडघे राखणार?”

आंतोनला त्या सभेसाठी मीच बोलावले होते, आणि या वेळी त्याची नोंदही केली होती. त्याला उठायला वेळ लागतो. तो उठेपर्यंत सगळे थांबले.

“त्या सातांत मी हाय,” तो म्हणाला. “बाकी सहांना विचारायचं तर विचारा. माझा पोरगा यंदापासून खेळणार. तो खेळेल तिथं पंच हाच पाहिजे मला. दुसरा असला तर पोरगा घरी.”

जोसेफमास्तरांनी अनुमोदन दिले. डॉक्टरांनी मत विचारले. आठ हात वर आले. वामनरावांचा आला नाही, पण त्यांनी विरुद्धही मत दिले नाही. ते पानाला चुना लावत होते.

सगळ्यांत मोठी अडचण लखूच होता. तो म्हणे, मला लिहिता येत नाही, पंचाला कसं जमेल. मी म्हटले, लिहायला गुणलेखक असतो. मग म्हणाला, लोक सातमोड्या म्हणतील. मी म्हटले, म्हणतील. त्यावर त्याने शिटी कुठली घ्यायची ते विचारले.

पंचगिरी म्हणजे मिलची नोकरी नव्हे हे मला कळते. हंगामात एका पंचाच्या वाट्याला अठरा-वीस सामने येतात. त्याची सगळी मिळकत मिलमधल्या एका पंधरवड्याच्या पगाराइतकीही होत नाही. लखू अजून मिठागरावरच आहे. मी त्याचे काही परत केले असे कुणी समजू नये, मीही समजत नाही. इतकेच सांगतो की त्यानंतरच्या चार हंगामांत, ज्या सामन्यांत तो पंच होता त्यांत कैचीने एकही गडी मैदानाबाहेर न्यावा लागला नाही. आणि या वेळी मी सामनेही मोजले आहेत, पकडीही: सामने एकाहत्तर, पकडी नऊशे चौऱ्याहत्तर.

त्याचा पहिला सामना एप्रिलमध्ये विरारजवळच्या चंदनसारला होता. पलीकडच्या बाजूला मी. त्याने कैचीसाठी शिटी नऊ वेळा वाजवली, त्यांतली चार वेळा स्वतःच्या गावच्या पोरांवर. त्याचा चुलतभाऊ मैदानातच त्याच्या अंगावर धावून आला. लखूने त्याला खांदा कसा पडला ते करून दाखवले आणि पुढची चढाई सुरू करायला सांगितले. नऊच्या नऊ चढाईवाले उठून आपल्या पायांनी परत गेले.

सामना संपल्यावर मी पंचांचे मानधन द्यायला बसलो. दोन रुपये आणि येण्याजाण्याचे भाडे असा मंडळाचा दर होता. लखूने दोन रुपये घेतले, मोजले, कनवटीला लावले. भाड्याचे बारा आणे मी पुढे केले ते त्याने परत सरकवले. आंतोन केळी घेऊन विरारला येतच होता, त्याच्या गाडीतून आलो, म्हणाला. मी म्हटले, तरी दर आहे तो घ्यावा. तो म्हणाला, जे झालं नाय ते कशाला लिहिता.

म्हणून वहीत असे लिहिले: पंच लक्ष्मण धर्मा यांस मानधन रुपये दोन. गाडीभाडे निरंक.